फुकट पुस्तकांना वाली कोण? ओपन टेक्स्टबुकवाल्यांना एक खुलं पत्र

प्रति,
लेखन आणि साहित्याची मोफत ऑनलाइन पाठ्यपुस्तकं काढणारी विद्यापीठं, त्यांची ग्रंथालयं, संपादक मंडळी, आणि ती पुस्तकं वर्गात लावणारे सगळे सर-मॅडम,

नमस्कार.

धर्माची गाय आणि म्हणे दात का गं नाय, असं कोणीतरी मला ऐकवणार हे माहितीये, म्हणून आधीच सांगून टाकतो की या गायीचं दूध मी गेली तीन वर्षं पितोय आणि त्यावरच पास झालोय. कॉलेज अर्धवट सोडलेलं, मग नोकरी, मग बऱ्याच वर्षांनी परत डिग्रीचं डोक्यात घेतलं आणि दूरशिक्षणाला नाव घातलं. त्यात इंग्लिशचे दोन पेपर होते, एक अकॅडमिक रायटिंगचा आणि दुसरा साहित्याची ओळख. रीडिंग लिस्टमधल्या पुस्तकांच्या किमती बघितल्या आणि गपचूप टॅब बंद केला. दर थोड्या वर्षांनी नवीन आवृत्ती काढायची, म्हणजे जुनी सेकंडहँड घेतली तर पान नंबर जुळत नाहीत, आणि वर तो अॅक्सेस कोड जो एका माणसाला एकदाच चालतो, म्हणजे पुस्तक मित्राला देण्याची सोयच नाही. त्या रात्री सर्च करता करता तुमची पुस्तकं सापडली आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण हे करू शकतो. रात्रपाळीच्या ब्रेकमध्ये मोबाइलवर वाचलीत मी ती, एकेक चॅप्टर तीन-तीनदा.

तर आभार मनापासून. आता भांडण.

तुम्ही पुस्तक काढता तेव्हा बारसं अगदी थाटात होतं, घोषणा होते, विद्यार्थ्यांचे इतके पैसे वाचले असा आकडा येतो, फोटो येतात. आणि मग पोर रस्त्यावर. पाच वर्षांनी त्याच पुस्तकाकडे बघायला कोणी नसतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुस्तक काढलंत तसं त्याला कोणीतरी सांभाळणारं पण ठेवा. बाकी पुढे जे लिहिलंय ते हे का म्हणतोय त्याबद्दल.

आधी एक गोष्ट सांगतो, तुमच्यापैकी जुन्यांना माहिती असेल पण नवीन विद्यार्थ्यांना अजिबात नसते. रायटिंग फॉर सक्सेस नावाचं पुस्तक आहे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या लेखनासाठी, मी ज्यावर शिकलो त्यातलं एक. त्याच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं की मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०१५ मध्ये हे काढलं आणि मूळ पुस्तक एका प्रकाशकाचं आहे ज्यांनी आपलं नाव देऊ नका अशी विनंती केलीये. मी ते वाचून चक्रावलो. स्वतःचं पुस्तक आणि नाव नको? मग शोधाशोध केल्यावर कळलं की त्या प्रकाशकाने आधी पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्सखाली, म्हणजे कॉपी करा, वाटा अशी आधीच लेखी परवानगी देऊन, फुकट वाचायला ठेवली होती, नंतर धंद्याचं गणित बदललं आणि फुकटचा दरवाजा बंद करायचं ठरवलं. पण लायसन्स एकदा दिलं की परत घेता येत नाही. प्रकाशक स्वतःच्या साइटवरून पुस्तक काढू शकतो, ज्याच्याकडे कॉपी आहे त्याच्या हातातून काढू शकत नाही. फार तर माझं नाव त्यावरून काढा असं सांगू शकतो, तशी सोय लायसन्समध्येच आहे. मग लोकांनी वेळेत कॉप्या करून ठेवल्या, ग्रंथालयांनी त्या दत्तक घेतल्या, आणि एक अनाथ पुस्तक आज जगभर वापरलं जातंय. त्या प्रकाशकाचं नाव मीही घेत नाही, त्यांची इच्छा आहे तर राहू दे.

मला ही गोष्ट जाम आवडते. पण तिच्यातच पुढचा घोळ आहे. कॉपी केली, वाचवली, दत्तक घेतली, आणि मग प्रत्येकाने आपापल्या साइटवर तीच कॉपी टाकली. आज त्याच पुस्तकाच्या किती तरी आवृत्त्या फिरतायत, कोणी चार चॅप्टर काढलेत, कोणी दुसऱ्या पुस्तकातले दोन घुसवलेत, कोणी फक्त कव्हर बदललंय. विद्यार्थी सर्च करतो आणि जी पहिली येते ती उघडतो. ती कधीची आहे, कोणी शेवटचा हात लावलाय, काही कळायला मार्ग नाही.

याचा फटका मला कसा बसला ते सांगतो. रायटिंगच्या पेपरला रिसर्च असाइनमेंट होती, आठ-दहा पानांची, एपीए स्टाइलमध्ये, म्हणजे संदर्भ लिहायच्या एका ठरलेल्या पद्धतीत, संदर्भ द्यायचे होते. मी तुमच्या अशाच एका मोफत पुस्तकातून एपीएचा चॅप्टर नीट समोर ठेवून एकेक नोंद केली. पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशकाचं गाव लिहिलं, वेबवरच्या प्रत्येक लेखापुढे 'रिट्रीव्ह्ड फ्रॉम' लिहून लिंक दिली, प्रत्येक पानाच्या डोक्यावर रनिंग हेड, म्हणजे पेपरचं छोटं शीर्षक, टाकला, तो टाकायला तर मला दीड तास लागला कारण पहिल्या पानावर वेगळा आणि पुढे वेगळा पाहिजे असं पुस्तकात होतं. असाइनमेंट परत आली. संदर्भांचे निम्मे गुण कापलेले आणि शेरा, जुनी पद्धत वापरली आहे. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आली होती, तिने प्रकाशकाचं गाव काढून टाकलं, 'रिट्रीव्ह्ड फ्रॉम' बहुतेक ठिकाणी काढलं, आणि विद्यार्थ्यांच्या पेपरला रनिंग हेड लागत नाही असं सांगितलं. माझं पुस्तक सहाव्या आवृत्तीवर होतं, म्हणजे २००९ च्या. पुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं की बाबा रे ही जुनी पद्धत आहे. एमएलए ही संदर्भांची दुसरी पद्धत, तिचं पण तेच आहे, मी अजूनही अशी मोफत पानं बघतो ज्यात प्रत्येक नोंदीच्या शेवटी प्रिंट किंवा वेब असं लिहायला सांगितलंय, ती पद्धत २०१६ च्या आठव्या आवृत्तीने संपवली, आणि आता २०२१ ची नववी चालूये.

यात तपासणाऱ्या मॅडमची काही चूक नाही, त्यांनी नियमाप्रमाणे केलं. ज्याने तो चॅप्टर मूळ लिहिला त्याची पण चूक नाही, त्या वेळी ते बरोबरच होतं. चूक मधल्या वर्षांची आहे. विकतच्या पुस्तकात प्रकाशक नवीन आवृत्ती काढतो ती पैशासाठी, पण काढतो तर खरं. तुमच्याकडे नवीन आवृत्ती काढायला कोणालाच काही कारण नाही.

मी काय केलं, पुस्तकाच्या शेवटी संपर्काचा ईमेल होता त्यावर मेल टाकला. सरळ लिहिलं, अमुक चॅप्टरमध्ये अमुक तीन गोष्टी जुन्या झाल्यात, नवीन नियम असा आहे, बदलाल का. मेल दोन मिनिटांत परत, असा पत्ता अस्तित्वात नाही. दुसऱ्या एका साइटवर फॉर्म होता, तो भरला, धन्यवाद आम्ही लवकरच संपर्क करू असं आलं. त्याला आता दीड वर्ष झालं, लवकरच अजून चालूये.

आणि यातली गंमत, म्हणजे गंमत कसली, ही की याच पुस्तकांचा सगळ्यात मोठा अभिमान काय तर बदलता येतात. क्रिएटिव्ह कॉमन्सची पहिली लायसन्स २००२ च्या डिसेंबरमध्ये आली, त्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस, म्हणजे शिकायचं खुलं साहित्य, हा शब्द ठरला, आणि पुढे सांगितलं काय जाऊ लागलं, की ठेवा, वापरा, बदला, दुसऱ्यात मिसळा, पुढे वाटा. या पाच परवानग्या. त्यातली ठेवा आणि वाटा सगळे करतात. बदला ही परवानगी देवघरातल्या नारळासारखी नुसती ठेवून दिलीये. मिनेसोटाचीच ओपन टेक्स्टबुक लायब्ररी आहे २०१२ पासूनची, हजाराच्या वर पुस्तकं, त्यावर प्राध्यापक रिव्ह्यू लिहितात आणि त्या रिव्ह्यूत पुस्तक किती काळ टिकेल यासाठी वेगळा रकानाच असतो. मी बरेच रिव्ह्यू वाचलेत, लोक प्रामाणिकपणे लिहितात की संदर्भांचा भाग जुना झालाय, लिंका मेल्यात. लिहितात आणि पुढे जातात. पुस्तक तिथेच, रिव्ह्यू तिथेच. दुखणं केसपेपरवर व्यवस्थित लिहिलंय, औषध द्यायला कोणी नाही.

आता साहित्याच्या पुस्तकांकडे येतो, कारण तिथे प्रकरण जास्त मजेशीर आहे आणि जास्त कोणाच्या लक्षात येत नाही.

साहित्याच्या मोफत पुस्तकात काय टाकता येतं ते कॉपीराइट ठरवतो. अमेरिकेत जुन्या पुस्तकांना छापल्यापासून ९५ वर्षं, म्हणून तिथे दर १ जानेवारीला एकेका सालाचं साहित्य मोकळं होतं, म्हणजे कोणीही न विचारता छापू शकतो, तेही मधे १९९८ च्या कायद्याने वीस वर्षं वाढवल्यामुळे सगळं थांबलेलं आणि २०१९ ला १९२३ सालापासून परत सुरू झालं. युरोपात लेखक गेल्यावर ७० वर्षं, भारतात ६०. त्यामुळे एकच पुस्तक एका देशात मोकळं आणि दुसऱ्यात कुलपात असतं. जॉर्ज ऑर्वेल १९५० ला गेला, भारतात त्याचं लेखन २०११ ला मोकळं झालं, ब्रिटनमध्ये २०२१ ला, आणि त्याची १९८४ ही कादंबरी अमेरिकेत मोकळी व्हायला २०४५ उजाडेल. बहुतेक मोफत पाठ्यपुस्तकं निघतात अमेरिकेत, म्हणजे जगातला कुठलाही विद्यार्थी तिथल्या कुंपणाच्या आतलं साहित्य वाचतो. म्हणून तुमच्या कथा-कवितांच्या पुस्तकात सगळे लेखक वारलेले, आणि वारूनही बराच काळ झालेला. हे मी समजू शकतो, कायद्यापुढे तुम्ही तरी काय करणार, जिवंत लेखकांची परवानगी घ्यायला पैसे लागतात. माझी तक्रार तिथे नाहीच.

तक्रार एमिली डिकिन्सनवरून आहे.

मृत्यूची बग्गी येऊन थांबते ती तिची कविता, बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ, जवळजवळ प्रत्येक मोफत पुस्तकात असते. आमच्या साहित्याच्या पेपरलाही होती. प्रश्न होता, कवयित्रीने वापरलेल्या डॅशचा आणि अपुऱ्या यमकांचा कवितेच्या लयीवर काय परिणाम होतो, उदाहरणं देऊन लिहा. मी मोफत पुस्तक उघडलं, कविता वाचली, परत वाचली. तिच्यात डॅश नव्हते. एकही नव्हता, स्वल्पविराम आणि अर्धविराम होते, सरळ शहाण्यासारखे. आणि यमकं? अपुरं कुठलं, डन आणि सन, चांगलं खणखणीत यमक. मला वाटलं माझ्याच डोक्यात काहीतरी कमी आहे. त्याच पुस्तकात कवितेच्या आधीच्या पानावर कवयित्रीची ओळख होती आणि तिच्यात लिहिलं होतं की तिच्या डॅशकडे लक्ष द्या. कशाकडे लक्ष देऊ, बाई?

दोन दिवस घातले तेव्हा उलगडलं. डिकिन्सन १८८६ ला गेली, जिवंतपणी तिच्या कविता हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या छापल्या, मागे सापडल्या अठराशेच्या आसपास. पहिला संग्रह १८९० ला आला, मेबल लूमिस टॉड आणि टॉमस हिगिन्सन यांनी संपादित केलेला, आणि त्यांनी कविता त्या काळच्या वाचकांना पचेल अशी सारखी करून घेतली. डॅश काढले. मूळ कवितेला नाव नव्हतं, त्यांनी द चॅरिअट असं ठेवलं. चौथं कडवं अख्खं गाळलं. आणि ती शाळेची ओळ, मूळ कवितेत मुलं मधल्या सुट्टीत रिंगण करून झटत असतात, स्ट्रोव्ह हा शब्द आहे, आणि रिंग या शब्दाचं पुढच्या सनशी यमक धड जुळत नाही, कानाला खडा लागतो. १८९० च्या छापील प्रतीत तीच मुलं खेळतायत, अभ्यास नुकताच संपलाय, आणि डनला सन छान जुळतंय. अख्खा खडा वेचून टाकलेला. बग्गीत बसलेल्या बाईला शेवटची दिसणारी मुलं झटणारी आहेत की खेळणारी आहेत, यावर मी चार पानं लिहू शकतो, आणि नंतर लिहिली पण.

कवितेचा मूळ मजकूर हस्तलिखितावरून टॉमस जॉन्सनने १९५५ ला तीन खंडांत आणला आणि त्या आवृत्तीवर हार्वर्ड अजून हक्क सांगतं. म्हणून मोफत पुस्तकात १८९० ची सारवलेली कविता येते, कारण ती मोकळी आहे. ठीक आहे. नाइलाज आहे. पण कवितेखाली दोन ओळी टाकायला कोणाची परवानगी लागते? हा १८९० चा पाठ आहे, संपादकांनी विरामचिन्हं आणि काही शब्द बदललेत आणि एक कडवं गाळलंय, हस्तलिखितांचे फोटो २०१३ पासून ऑनलाइन संग्रहात बघायला मिळतात. बस. एवढ्याने ती अडचण उलट सगळ्यात भारी धडा झाली असती, की संपादन म्हणजे काय आणि छापलेल्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा. मी दोन दिवस स्वतःला ढ समजत बसलो नसतो. आणि माझ्यासारखे जे बाकीचे होते त्यातल्या किती जणांनी कविता न बघता डॅशवर उत्तर लिहून टाकलं असेल, मला तर खात्री आहे, एकाने मला सांगितलं पण.

अनुवादाचं हेच. तुमच्या पुस्तकात रशियन लेखक चेखव असतो आणि तो जवळपास कायम कॉन्स्टन्स गार्नेटच्या इंग्लिशमधला असतो, ती १९४६ ला गेली, तिच्या जुन्या भाषांतरांवर आता कोणी पैसे मागत नाही. वाईट नाहीयेत ती, पण विद्यार्थी लिहितो की चेखवची भाषा जुन्या वळणाची आहे, अरे चेखवची नाही रे बाबा, गार्नेटबाईंची आहे. काफ्का १९२४ ला गेला, त्याचं जर्मन मोकळं, पण अनुवादकाचा हक्क वेगळा मोजला जातो, त्यामुळे नावाजलेले अनुवाद बरीच वर्षं अडकलेले. किडा झालेल्या ग्रेगोरची कथा बहुतेकांनी फुकटात वाचलीये ती डेव्हिड वायलीच्या २००२ च्या अनुवादात, त्याने तो प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या साइटवर सगळ्यांसाठी ठेवला. केवढं मोठं काम आहे हे. पण कित्येक साइटवर कथा आहे आणि वायलीचं नाव नाही, जणू काफ्काने स्वतःच इंग्लिशमध्ये लिहिली. ज्या पुस्तकाच्या पुढच्या चॅप्टरमध्ये वाङ्मयचौर्य कसं टाळावं शिकवतायत, त्याच पुस्तकात अनुवादकाचं नाव गायब. काय बोलणार.

लायसन्सबद्दल एक छोटं. काही जण पुस्तक मोफत देतात पण लायसन्सला एनडी लावतात, म्हणजे बदल करून वाटायचं नाही. आमच्या अभ्यासाच्या ग्रुपमध्ये अर्ध्या लोकांचं इंग्लिश बेताचं, म्हणून पॅराग्राफ कसा बांधायचा त्या एका चॅप्टरचा मी मराठीत सोपा अवतार केला होता, ग्रुपवर टाकणार तेवढ्यात लायसन्स वाचलं. स्वतःपुरतं केलं तर चालतं, वाटलं की मोडलं. फाइल अजून माझ्याकडेच पडून आहे. कविता-कथेला एनडी लावा, समजू शकतो, लेखकाला आपला शब्द हलवलेला नको असतो. पण थीसिस, म्हणजे निबंधाचा मुख्य मुद्दा सांगणारं एक वाक्य, कसा लिहावा या चॅप्टरला? ते काय अभंग आहे का?

आता जरा गोड बोलतो. सगळं वाईट नाहीये. रायटिंग स्पेसेस नावाची मालिका आहे, पहिला खंड २०१० चा, त्यातले लेख शिकवणाऱ्यांनी थेट विद्यार्थ्याशी बोलल्यासारखे लिहिलेत, प्रत्येक लेखावर लेखकाचं नाव, एकेक लेख सुटा उतरवून घेता येतो, मोबाइलवर नीट वाचता येतो. नाव असल्यामुळे लाज असते आणि लाज असल्यामुळे लिखाण चांगलं राहतं असं माझं स्वतःचं मत आहे. उलट समितीने लिहिलेली पुस्तकं वाचा, प्रत्येक वाक्य बरोबर आणि एकही वाक्य लक्षात राहत नाही. ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं लेखनाचं पुस्तक २०२१ ला आलं, मोठं आहे, सुबक आहे, त्याला मागे माणसं आहेत हे दिसतं.

पण सुबक पुस्तकातही एक खोट राहतेच. नमुने सगळे तयार. थीसिस स्टेटमेंटच्या चॅप्टरमध्ये चार थीसिस दिलेले असतात, चारही लग्नाला निघाल्यासारखे नटलेले. कमकुवत थीसिस म्हणून जो देतात तो इतका बावळट असतो की असं कोणी लिहीतच नाही. आम्ही जे लिहितो ते मधलं असतं. माझंच बघा, पहिल्या ड्राफ्टला माझा थीसिस होता, रात्रपाळीमुळे माणसाच्या आरोग्यावर अनेक परिणाम होतात. व्याकरण बरोबर, मुद्दा खरा, आणि वाक्य मेलेलं. पुस्तकाच्या चेकलिस्टमध्ये टाकलं तर सगळ्या खुणा हिरव्या, विषय आहे, ठाम आहे, एका वाक्यात आहे. शेवटी माझ्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाने वाचलं, जो बारावी पण नाही, आणि म्हणाला, बरं मग? त्या बरं मगवर मी तीन दिवस बसलो. दुसरा ड्राफ्ट, रात्रपाळी करणाऱ्याची झोप बिघडते. तिसरा, रात्रपाळी करणारा झोपेपेक्षा बोलणं जास्त गमावतो, कारण घर जागं असतं तेव्हा तो झोपलेला असतो. त्याला दाखवलं, तो काही बोलला नाही, नुसतं हं केलं आणि कामाला लागला. पेपरला त्याच वाक्याखाली मॅडमने रेघ मारून छान लिहिलं होतं.

हे पुस्तकात पाहिजे. असे खरे ड्राफ्ट, विद्यार्थ्यांची परवानगी घेऊन, नाव नको असेल तर नाव न देता, पहिला दुसरा तिसरा, मधे शिक्षकाच्या पेन्सिलीसकट. तुमच्या वर्गात दर सहामाहीला शेकडो असे कागद येतात आणि रद्दीत जातात. विकतच्या पुस्तकाला जागा मोजून वापरावी लागते, तुम्हाला वेबवर जागेचा काय तोटा? एका थीसिसची तीन पानी मिरवणूक दाखवा की.

तर मागणं काय. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, आतमध्ये कुठेतरी नाही, पहिल्या पानावर, शेवटचा हात कधी लागला ती तारीख आणि संदर्भांचे नियम कुठल्या आवृत्तीचे आहेत ते लिहा. सांभाळणाऱ्या एका माणसाचं पद ठेवा, माणूस बदलला तरी पत्ता तोच राहील असा ईमेल द्या, माणसाच्या नावाचा नको, पुस्तकाच्या नावाचा. पुस्तक काढायला जी ग्रँट देता तिच्यातून थोडी बाजूला काढून ठेवा पुढच्या डागडुजीला, घर बांधणारा प्रत्येक जण गळतीसाठी चार पैसे ठेवतो, तुम्हीच कसे नाही ठेवत. आणि विद्यापीठांनो, प्राध्यापकाने नवीन पुस्तक लिहिलं की बढतीत गुण देता, दुसऱ्याच्या पुस्तकातला मोडलेला चॅप्टर नीट केला तर शून्य. मग कोण करेल? मी प्राध्यापक असतो तर मीही नसतं केलं.

वर्गात ही पुस्तकं लावणाऱ्या सर-मॅडमना वेगळं सांगतो. लिंक देऊन मोकळे होऊ नका. सत्र सुरू व्हायच्या आधी एकदा तुम्ही स्वतः ती उघडून बघा, तुम्ही जो प्रश्न विचारणार आहात त्याचं उत्तर त्या प्रतीत आहे का ते बघा. डॅशचा प्रश्न विचारायचा आणि बिनडॅशची कविता द्यायची, हे मी अजून विसरलेलो नाही. आणि चूक सापडली तर ती सुधारायचं काम विद्यार्थ्यांनाच असाइनमेंट म्हणून द्या ना. जुन्या एपीएच्या तीस नोंदी नवीन करा म्हटलं तर तो चॅप्टर वाचण्यापेक्षा जास्त शिकतील, आणि पुस्तक पण दुरुस्त होईल, आणि त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा वाटेल की छापलेल्या गोष्टीला आपण हात लावू शकतो.

माझ्यापुरतं मी काम करून ठेवलंय. एपीएच्या त्या चॅप्टरच्या सगळ्या नोंदी सातव्या आवृत्तीप्रमाणे करून फाइल तयार आहे, लायसन्सप्रमाणे मूळ पुस्तकाचा उल्लेख करून. डिकिन्सनच्या कवितेखाली टाकायची टीप पण लिहिलीये, १८९० चा पाठ, काय बदललं, कुठलं कडवं नाही, मूळ कुठे बघायचं, सगळं मिळून पाच ओळी. एका दोस्ताकडून इंग्लिश तपासून घेतलंय. पैसे नकोत, नाव नको, त्या पहिल्या प्रकाशकासारखं.

फक्त पाठवू कुठे तेवढं सांगा. त्या जुन्या पत्त्यावर काल परत एकदा मेल टाकून बघितला, परत आला.

तुमचाच,
रात्रपाळीचा एक विद्यार्थी